ऑईल कॅपखालचा फेस आणि न उतरवलेलं हेड

पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीत कशाला ओल धरत नाही? चपला, पापड, कपाटातल्या साड्या, सगळ्यालाच धरते. यंदा त्यात गाडीच्या इंजिनची भर पडली.

ऐन जुलैत ऑईलची पातळी बघायला बॉनेट उघडलं आणि हातासरशी ऑईल भरायचं झाकणही फिरवून काढलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा, लोण्यासारखा चिकट थर बसलेला. बोटाने पुसला तर त्याखाली पाण्याचे बारीक थेंब. झाकणाच्या तोंडाशीही तसाच फेस.

जवळच्या गॅरेजमध्ये नेली. मालकाने झाकण हातात घेतलं आणि उभ्या उभ्या निकाल दिला: हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलंय, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑईलमध्ये उतरतंय, हेड काढून फेसिंग (त्याचा तळ घासून सपाट करणं) करावं लागेल. खर्चाचा आकडाही लगेच तयार होता. डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, मात्र कोणी ओढून बघितली नाही, कुलंटच्या टाकीकडेही कोणी वळलं नाही. मी "घरी विचारून सांगते" म्हणून गाडी परत आणली.

आमच्या नात्यातले एक अण्णा, जन्म गाड्यांच्या मिस्त्रीकामात गेलेला. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बाय, झाकणाचं मग बघू. आधी डिपस्टिकवर काय दिसतंय ते सांग."

डिपस्टिकवरचं ऑईल नेहमीसारखं काळपट, पातळीही जागेवर. कुलंट ऑईलमध्ये गेलं असतं तर ते दुधाळ झालं असतं आणि पातळी उलट वाढली असती. मग त्यांनी मला सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कुलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारायला लावली. "त्यात थेंबभरही घालायचं नाही. रोज थंडीवरच बघायचं." टाकीत ऑईलचा तवंग दिसतो का, गाडी तापते का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, तेही बघून ठेवायला सांगितलं. पावसाळी सकाळी सुरुवातीला थोडी वाफ सगळ्याच गाड्यांची दिसते, तिला भ्यायचं नाही. गॅस्केट गेलं तर ती थांबत नाही.

कुलंटची पातळी रेघेवरून हलली नाही. तेव्हा कुठे जरा जीव भांड्यात पडला.

मग हे पाणी आलं कुठून? हवेतला दमटपणा असतोच, पण मोठा वाटा इंजिनचा स्वतःचा, हे मला नवीन होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ते बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, पण थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली ऑईलच्या बाजूला झिरपतोच. इंजिन नीट तापलं तर तिथली वाफ ब्रीदर पाईपने परत इंजिनात ओढली जाऊन जळणाऱ्या हवेबरोबर बाहेर पडते. नाही तापलं, तर ती गार धातूवर साचते. ऑईलचं झाकण सगळ्यात वर, आगीपासून लांब आणि वाऱ्याला उघडं, म्हणून थेंब आधी तिथे धरतात आणि ऑईलबरोबर घुसळून त्यांचा फेस होतो.

आणि माझी गाडी धावते किती? नाचण्याहून मारुती मंदिर, बँक, आणि परत. तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत ऑफिस येतं. तो काटासुद्धा कुलंटचा. ऑईल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. भर म्हणजे सुट्टीच्या दिवशी बॅटरी उतरू नये म्हणून पडवीसमोर पाच-दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची आमच्या घरात पद्धत. त्याने ऑईल तापत नाही, पाणी मात्र तयार होतं. शेजाऱ्यांच्या सीएनजी गाडीत तर अजून जास्त, कारण त्या गॅसमध्ये हायड्रोजनचं प्रमाण पेट्रोलहून अधिक.

रविवारी अण्णांकडे गाडी नेली. त्यांनी डिपस्टिकवरून ऑईलचा थेंब एका तापवलेल्या पत्र्यावर सोडला. पाणी असलं की तडतडतो. हा गुपचूप धुरावला. मग झाकणावरचा फेस काडीने उचलून तसाच टाकला, तर चांगला चर्र झाला. पीसीव्ही व्हॉल्व्ह (ऑईलच्या बाजूची वाफ ब्रीदर पाईपने इंजिनात सोडणारी झडप) काढून कानाशी हलवला; आतली गोळी खुळखुळायला हवी, ती फेसाने जाम झाली होती. व्हॉल्व्ह बदलला, पाईप धुतला, झाकण पुसून कोरडं केलं, ऑईल आणि फिल्टर नवीन घातले. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कुलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, तोही तपासला, कारण तो उघडाच अडकला तर इंजिन कायम थंड राहतं. तो ठीक होता. सगळा खर्च त्या फेसिंगच्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही.

"आता अशीच आंबा घाटापर्यंत ने आणि परत ये," अण्णा म्हणाले. हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्याच्या पुढे चढ लागला तशी गाडी खऱ्या अर्थाने तापली. घरी येऊन, इंजिन निवल्यावर झाकण उघडलं तर स्वच्छ.

पावसाळा संपेपर्यंत मधून मधून झाकणाला पुसटसा थर दिसायचाच, लांबची फेरी झाली की जायचा. अशा थोड्या थोड्या अंतराच्या वापराला बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कठीण वापर म्हटलेलं असतं आणि ऑईल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. म्हणून आता पावसाळा सरला की ऑईल बदलायचं ठरवलंय, किलोमीटर कितीही झालेले असोत. डिपस्टिकच दुधाळ दिसली किंवा कुलंट रेघेखाली गेलं, तर गाडी स्टार्टसुद्धा न करता टो करून आणायची, असं अण्णांनी बजावलंय. मग मात्र हेड उतरवण्याची चर्चा करू.