तुम्ही विचारलंत म्हणून: सातवा चार्ल्स नक्की कोणाचा मुलगा?

इंग्रजांशी लढलेल्या फ्रेंच तरुणीचा, जोन ऑफ आर्कचा विषय निघाला की कोणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, "पण तिनं ज्याला राज्याभिषेक करवला, तो सातवा चार्ल्स औरस होता का हो?" फ्रान्सच्या इतिहासाचं मला वेड आहे हे आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हा प्रश्न हमखास माझ्याच वाट्याला येतो.

कुजबुजीला जागा होती, हे खरं. चार्ल्स जन्मला 1403 मध्ये. बाप फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स, याला 1392 पासून वेडाचे झटके यायचे. आपण काचेचे आहोत, कोणी हात लावला तर फुटू, असं त्याला मधूनमधून वाटे. आई इझाबो आणि तिचा दीर लुई यांच्याबद्दल लोक नाही नाही ते बोलत. पण चार्ल्सची गादी गेली ती या गप्पांमुळे नव्हे. 21 मे 1420 चा त्रुआचा तह पाहा. राजानं पोटच्या मुलाला बाजूला सारलं आणि इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला जावई आणि वारस करून घेतलं. कारण दिलंय ते मुलाच्या भयंकर गुन्ह्यांचं. तो माझा नव्हे, असं त्यात कुठेही नाही.

गुन्हा कोणता? आठच महिन्यांपूर्वीचा, 10 सप्टेंबर 1419 चा. माँतेरो गावच्या पुलावर चार्ल्स आणि बर्गंडी या फ्रान्समधल्या बलाढ्य सरदारकीचा ड्यूक जाँ यांची समेटासाठी भेट ठरली. दगाफटका नको म्हणून पुलाच्या मधोमध लाकडी कुंपण घातलेलं, आत दोघांची मोजकीच माणसं. बोलता बोलता वाद झाला आणि चार्ल्सच्या माणसांनी जाँला कुऱ्हाडीनं तोडलं. या जाँनं 1407 मध्ये त्याच लुईचा, राणीच्या दिराचा, पॅरिसच्या रस्त्यात खून करवला होता, त्यामुळे मला त्याचा फारसा कळवळा येत नाही. पण सोळा वर्षांच्या युवराजाला हा खून फार महागात पडला. जाँचा मुलगा फिलिप सरळ इंग्रजांना जाऊन मिळाला. पुढे शंभरएक वर्षांनी दिजाँच्या एका साधूनं जाँची भोक पडलेली कवटी राजा पहिल्या फ्रान्स्वापुढे धरली आणि म्हणाला, इंग्रज फ्रान्समध्ये शिरले ते या भोकातून. गोष्ट सांगोवांगीची असेल, पण दुखण्याचं निदान अचूक आहे.

1422 मध्ये हेन्री आणि सहावा चार्ल्स दोन महिन्यांच्या आत गेले. आता एकीकडे हेन्रीचं वर्षाचंही न झालेलं इंग्रज पोर, दुसरीकडे, बूर्ज शहरात बस्तान असल्यानं 'बूर्जचा राजा' म्हणून ज्याची टिंगल चाले तो आपला चार्ल्स. त्याच्या बाजूचा वकिली मुद्दा मला फार आवडतो. जाँ द तेरव्हेर्मेय या कायदेपंडितानं 1419 मध्येच लिहून ठेवलं होतं की मुकुट ही राजाची खासगी इस्टेट नव्हे. राजा तिचा राखणदार, वाटेल त्याच्या नावावर करून द्यायला मोकळा नाही. हे मानलं तर त्रुआचा तह मुळातच रद्दबातल!

पण नुसत्या मुद्द्यांवर राज्य मिळत नाही. जोननं ऑर्लेआँ शहराला पडलेला इंग्रजांचा वेढा उठवला आणि 17 जुलै 1429 ला रांसमध्ये, परंपरेच्या जागी, पवित्र तेलानं राज्याभिषेक करवला. इंग्रजांना रांसला पोचताच आलं नाही. त्यांनी 1431 च्या डिसेंबरात आपल्या पोराला पॅरिसमध्ये मुकुट घातला, तोही इंग्रज कार्डिनलच्या हातून. लोकांना फरक कळत होता.

तरी माझ्या लेखी पारडं फिरलं ते 1435 मध्ये, आरास शहरातल्या तहात. तिथं चार्ल्सच्या प्रतिनिधीनं फिलिपपुढे गुडघे टेकून बापाच्या खुनाची माफी मागितली, पुलावर क्रूस उभारायचं आणि मृताच्या नावानं प्रार्थना करवायचं कबूल केलं. फिलिपनं इंग्रजांची साथ सोडली आणि पुढच्याच एप्रिलात पॅरिस चार्ल्सच्या हाती आलं. या सगळ्या वाटाघाटींत फिलिपनं चार्ल्सच्या जन्माचा दाखला मागितला नव्हता.