शिशाचा गोळा आणि साडेतीन फूट पाणी : आमची वाटचाल

नवी मुंबईत बेलापूरला आमच्या बोटफेऱ्यांच्या ऑफिसात पावसाळ्यात आलात तर टेबलामागच्या भिंतीवर एक दोर टांगलेला दिसेल. बुकिंगला येणारी माणसं तो शोभेचा समजतात, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात. मोसम सुरू झाला की तो दोर बोटीवर जातो आणि मे महिन्यापर्यंत तिथेच असतो. टोकाला तीन किलोचा शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला खळगा, खळग्यात ग्रीस. दर वावाला (वाव म्हणजे दोन हात पसरले की होतं ते माप, साधारण सहा फूट) खूण: पहिल्या वावाला चामड्याची एक पट्टी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला लाल कापड. गोळा सोडला की हाताला खोली कळते. वर ओढला की ग्रीसला चिकटलेला चिखल, रेती नाहीतर शिंपल्यांचा चुरा बघून आपण कुठे आहोत ते कळतं.

बोटीवर इको साउंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं मशीन, आहे आणि चांगला आहे. पण आपल्या खाडीचा तळ म्हणजे पातळ चिखल. मशीन कधी चिखलाचा वरचा थर धरतं, कधी खालचा, आणि पाण्यात अधांतरी लोंबणारी प्लास्टिकची पिशवीही तळ म्हणून दाखवतं. आमच्या बोटीला साडेतीन फूट पाणी लागतं. त्यात अर्ध्या फुटाची चूक म्हणजे बारा पाहुणे सहा तास चिखलात. शिशाच्या गोळ्याने मला अजून एकदाही फसवलेलं नाही.

दोर मला नाखवांनी दिला. दिवाळे गावचे नाखवा, म्हणजे कोळी होडीमालक, माझे पहिले भागीदार. नाव छापायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे, म्हणून इथे फक्त नाखवा. मी कोळी नाही. घणसोलीचा आगरी, घरी मिठागर आणि भातशेती होती, ती गेली. मी रबाळे एमआयडीसीत डिझेल इंजिनं दुरुस्त करायचो. नाखवा मासेमारीच्या होडीचं इंजिन घेऊन यायचे आणि काम होईपर्यंत स्टुलावर बसून राहायचे. २०११ साली माझ्याकडे एक एकतीस फुटी फायबरची बोट दुरुस्तीला आली, छोटं केबिन, मागे बसायला मोकळी जागा. मालकाला बिल झेपेना. बिल आणि वर थोडे पैसे, यात बोट माझी झाली. मला बोट चालवता येत नव्हती. नाखवांनी तळाला हात फिरवला, बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, कुठे पोकळ वाजतंय का ते ऐकलं आणि म्हणाले, "पोरा, बोट चांगली हाय. पन तुला पानी शिकायला लागंल."

मग त्यांनी मला पाणी शिकवलं. पहिल्याच दिवशी कालनिर्णय काढायला लावलं. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे, पण हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला बरोबर बसतो. आता याचा धंद्याशी संबंध काय तो सांगतो, कारण दर आठवड्याला मला हेच फोनवर सांगावं लागतं. सगळ्यांना सूर्यास्ताची फेरी हवी असते, आणि ती पौर्णिमेलाच हवी असते, म्हणजे इकडे सूर्य मावळतोय आणि तिकडे चंद्र उगवतोय. सुंदरच दिसतं ते. पण पौर्णिमेला बाराला भरती म्हणजे सहाला पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची. खाडीच्या वरच्या भागात तेव्हा पाण्याच्या जागी चिखल असतो. सूर्यास्त बघायचा तर सप्तमी, अष्टमी, नवमी बघा. संध्याकाळी सहा-साडेसहाला पाणी भरलेलं, शिवाय भांगाचे दिवस, म्हणजे प्रवाहाला ओढ कमी. म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर याच तिथ्या धरा. बोट कोणाचीही घ्या, आमचीच घ्या असं म्हणत नाही, पण तारीख ठरवण्याआधी तिथी बघा. आणि फ्लेमिंगो बघायचे असतील तर आमच्याकडे येऊ नका. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, ती घ्या. त्या उथळ पाण्याला तीच होडी बरी.

आमची फेरी बेलापूरहून पनवेल खाडीतून बाहेर, घारापुरीला वळसा आणि परत. बारा पाहुणे, बोट हाकणारा एक सारंग, एक खलाशी. नोंदणी, सर्व्हे म्हणजे बोटीची ठरावीक मुदतीची तपासणी, विमा, सारंगाचं लायसन्स, सगळं पहिल्या दिवसापासून. सहा वर्षं धंदा नीट चालला.

२०१७ साली मांडव्याच्या पलीकडच्या एका रिसॉर्टचं काम मिळालं. त्यांच्या पाहुण्यांना खाजगी यॉट टूर द्यायची, महिन्याला ठरलेल्या फेऱ्या, हंगामात रोज. आमच्यासाठी ते मोठं होतं. मी कर्ज काढून बसायच्या जागेला नवीन गाद्या केल्या, ३१६ ग्रेडच्या स्टीलचे कठडे लावले. समुद्रावर साधं ३०४ लावू नका, दोन पावसाळ्यांत चहाच्या डागासारखा गंज धरतो. पाहुणे खूश असायचे. तीन वर्षांत एकही तक्रार लेखी आलेली नाही, ते रजिस्टर आजही माझ्याकडे आहे.

फेब्रुवारी २०२०. लग्नाचं वऱ्हाड, अठरा माणसं. दुपारी साडेतीनची वेळ. मॅनेजर म्हणाले, एकाच फेरीत न्या, फोटोग्राफरला सगळे एकत्र हवेत. मी म्हणालो, बारा. ते म्हणाले, सहा माणसांनी काय बोट बुडते का? त्या दिवशी वारा वायव्येचा होता आणि चढत होता. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, असते तोवर समुद्र ताटासारखा असतो, पण फेब्रुवारी-मार्चात दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा जोर धरतो. त्यात ओहोटी लागलेली. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतंय आणि वारा उलट आत ढकलतोय, अशा वेळी लाट उंच नसली तरी आखूड आणि उभी होते, बोट बाजूने हलते. अठरा माणसं फोटोसाठी एका कठड्याला आली तर काय होईल ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मी दोन फेऱ्या करायची तयारी दाखवली, जादा पैसे न घेता. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. तासाभरात दुसरी बोट आली आणि अठराच्या अठरा जण घेऊन गेली. लाइफ जॅकेट एकाच्याही अंगात नव्हतं, फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून.

ती बोट सुखरूप परत आली. मला त्याचा आनंदच आहे, माणसं होती त्यात. पण दुसऱ्या दिवशीपासून रिसॉर्टचं काम त्या बोटवाल्याकडे गेलं. हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी माझ्याच ऑफिसात बसून चहा पिऊन, परवान्यांना काय काय लागतं ते सगळं लिहून घेऊन गेला होता. आमची बोट जुनी आहे, आमचा सारंग घाबरट आहे, असं त्याने चार ठिकाणी सांगितलं. घाबरट हा शब्द मला आजही लागतो. सारंगाने "नाही" म्हणायला जेवढं धैर्य लागतं तेवढं बोट हाकायला लागत नाही.

१५ मार्चला भाऊचा धक्का ते मांडवा गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली तेव्हा वाटलं, तिकडची वर्दळ वाढेल, आपल्यालाही काही मिळेल. दहा दिवसांत लॉकडाऊन लागला.

त्या वर्षी बोट वर काढून पावसाळ्यासाठी शाकारायलाही माणसं मिळाली नाहीत. ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागला धडकलं तेव्हा बोट पाण्यातच होती. नाखवांनी आदल्या दिवशी ती अरुंद खाडीत नेऊन दोन्ही बाजूंच्या तिवरांना, म्हणजे खारफुटीच्या झाडांना, सहा दोरांनी बांधली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ओरखडाही आला नाही. वादळात बोट जेट्टीला बांधून ठेवू नका हे मी कळकळीने सांगतो. जेट्टीचा काँक्रीट आणि लाट यांच्यामध्ये फायबर टिकत नाही.

आणि पुढच्याच वर्षी माझी बोट जेट्टीला बांधलेली राहिली.

मे २०२१. मला कोविड झालेला, घरी विलगीकरणात सहावा दिवस. तौक्ते वादळ येणार हे चार दिवस आधीपासून माहीत होतं. सारंगाला मी रोज फोन करत होतो, बोट तिवरांत ने. हो म्हणत राहिला. १५ तारखेला त्याने फोन उचलणं बंद केलं. तो त्या दुसऱ्या बोटवाल्याकडे कामाला लागला होता, आणि माझी बोट सोडून त्याची बोट आत नेऊन बांधत होता. सात वर्षं माझ्याकडे होता. लायसन्सच्या परीक्षेची फी मी भरली होती.

१७ मे, वैशाख शुद्ध पंचमी. पंचमीची पाऊणपट म्हणजे पावणेचार. मी खिडकीत बसून घड्याळ बघत होतो, कारण वाऱ्याबरोबर पाणीही चढणार होतं. चारच्या सुमारास शेजारच्या होडीवाल्याचा फोन आला, मागचा दोर तुटला. साडेचारला, बाजूला भोक पडलं. पाचला, इंजिनाची खोली भरली.

नाखवा तेव्हा सत्तरीच्या घरात. दोन पुतण्यांना घेऊन ते त्या वाऱ्यात गेले, भोकात गादी कोंबली, पहाटेच्या भरतीवर बोट ओढून चिखलावर चढवली. मला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाले, "हाय ती. जमिनीवर हाय."

इंजिन खाऱ्या पाण्यात गेलं की घड्याळ सुरू होतं. पाण्यात असेपर्यंत एवढं बिघडत नाही, बाहेर आल्यावर हवा लागली की गंज धावतो. मी व्हिडिओ कॉलवरून नाखवांच्या पुतण्याकडून सगळं करून घेतलं. आधी गोड्या पाण्याने धुवायचं. इंजेक्टर काढायचे, क्रँक हाताने फिरवायचा, सिलिंडरमधलं पाणी कारंज्यासारखं उडतं, ते थांबेपर्यंत फिरवायचा. दुधाच्या चहासारखं झालेलं ऑइल काढून टाकायचं आणि सिलिंडरपासून वरपर्यंत डिझेल भरून ठेवायचं. स्टार्टर आणि अल्टरनेटर काढून धुऊन वाळवायचे. बारा दिवसांनी मी स्वतः तिथे उभा राहिलो, तीनदा ऑइल बदललं, इंजिन चालू केलं. तेच इंजिन आजही बोटीत आहे.

विम्याचे पैसे मिळाले नाहीत. सर्व्हेची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती. सर्व्हे होणार कसा, सगळं बंद होतं, पण पत्रात एकच ओळ आली. बोटवाल्यांनो, सर्व्हेची तारीख संपायच्या तीन महिने आधी अर्ज करा आणि अर्जाची पोच विमा कंपनीला पाठवून ठेवा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

धंदा तेव्हा बंद करायचाच होता. रबाळेला परत नोकरी बघत होतो. अशात वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातले शेठ आले. मूळचे जुन्नरकडचे, माथाडी म्हणून आले, पाठीवर गोणी वाहिल्या, आता स्वतःचा गाळा आहे. २०१३ पासून वर्षातून एकदा ते गाळ्यावरच्या सगळ्यांना बोटीवर आणायचे: हमाल, मेहता, चहावाला पोरगा, त्यांची बायकामुलं. बाराच्या चार फेऱ्या. पहिल्या वर्षी त्यांनी तेरावा माणूस घेणार का विचारलं होतं, मी नाही म्हणालो, तेव्हा ते स्वतः उतरून जेट्टीवर थांबले. लॉकडाऊनमध्ये मार्केट चालू होतं, त्यांचा धंदा चालला होता. ते आमच्या घरी आले, खुर्चीवर बसले आणि पाच वर्षांच्या फेऱ्यांचे पैसे आगाऊ मोजून ठेवले. म्हणाले, "उपकार समजू नका. मला तुमच्याच बोटीवर यायचंय, बोट नसेल तर मी कुठे जाऊ?" त्या पैशांतून फायबरचं काम झालं.

नोव्हेंबर २०२१ला बोट पाण्यात उतरली. पुढच्या फेब्रुवारीत बेलापूरचं नवं प्रवासी टर्मिनल सुरू झालं आणि नवी मुंबईकरांना आपल्याकडे समुद्र आहे हे आठवलं. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू उघडल्यापासून त्याखालून जायचं आहे म्हणूनच कितीतरी जण येतात. सेतूखाली इंजिन मंद केलं की वरच्या गाड्यांची घरघर पाण्यावर ऐकू येते, मुलांना ते फार आवडतं.

१८ डिसेंबर २०२४ला गेटवेजवळ घारापुरीच्या प्रवासी बोटीची दुर्घटना झाली. माणसं गेली. त्या रात्री मला झोप आली नाही, आम्हीही त्याच पाण्यातून जातो. त्यानंतर सगळीकडे जॅकेटची तपासणी कडक झाली. जानेवारीत त्या रिसॉर्टमधून फोन आला, मॅनेजर नवीन, आवाज नम्र. तुमच्याकडे किती लाइफ जॅकेट आहेत, सर्व्हे चालू आहे का, बसायची क्षमता किती. मी म्हणालो, जॅकेट सोळा, त्यातली चार मुलांच्या मापाची, सर्व्हे चालू, क्षमता बारा, २०११ पासून बाराच. त्यांनी दर विचारला. मी सांगितलं, मांडव्याचं काम आम्ही आता करत नाही.

शेठच्या आगाऊ पैशांतली शेवटची फेरी या मोसमात आहे, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला, संध्याकाळी. काल इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर बदलला. रबराची ती छोटी चकती प्लास्टिकची पिशवी तोंडाशी अडकून मिनिटभर कोरडी फिरली तरी तिच्या पाकळ्या फाटतात आणि इंजिन तापतं, म्हणून एक बसवलेला आणि दोन डब्यात. नाखवांना आता दिसायला कमी येतं. तरी त्यांनी परवा दोर मागवून घेतला, सगळ्या खुणा बोटांनी चाचपल्या आणि तिसऱ्या वावाचं लाल कापड सैल झालंय म्हणून पुन्हा बांधून दिलं.