आमची वाटचाल : गाडीच्या आतला आवाज मोजताना

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात लेथ नाही, प्रेस नाही, पावडर कोटिंगची भट्टी नाही. शेजारचे गाळेवाले सुरुवातीला विचारायचे, "तुम्ही बनवता काय?" आम्ही काहीच बनवत नाही. चालत्या गाडीत बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत किती आवाज पोचतो ते मोजतो, तो कुठून शिरतो ते शोधतो आणि तसं लिहून देतो. 2012 पासून एवढं एकच काम करतोय. त्यातही गेल्या काही वर्षांत निम्म्याहून जास्त काम महागड्या गाड्यांचं असतं, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

त्याआधी मी दरवाज्यांचं रबर बीडिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. रबराचा कडकपणा, लांबी, दाबल्यावर किती जोर लागतो, सगळं ड्रॉइंगप्रमाणे यायचं, आणि तरी गाडी कंपनीकडून तक्रार यायची की वाऱ्याचा आवाज येतोय. रबर बरोबर, गाडी बरोबर, आवाज मात्र आहेच. तो खरंच आपल्या बीडिंगमधून येतो का, हे सांगायला आमच्याकडे साधन नव्हतं. पुण्यात एआरएआय ही गाड्यांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था 1966 पासून आहे आणि तिथे आवाजाच्या कामाची उत्तम सोय आहे. मोठ्या गाडी कंपन्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत. पण बीडिंगच्या दोन नमुन्यांची तुलना करायची, एवढ्याशा कामासाठी तिथवर जाणं छोट्या पुरवठादाराला परवडत नाही. पिंपरी, भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात फेल्ट, कार्पेट, फोम, डॅम्पिंग शीट, ग्रोमेट (वायर जाते त्या भोकात बसणारी रबरी कडी) बनवणारे असे कितीतरी छोटे कारखाने आहेत. त्यांच्यासाठी हे काम कुणीतरी करायला हवं, असं वाटलं आणि नोकरी सोडली.

पहिला खर्च क्लास 1 च्या, म्हणजे सगळ्यात अचूक दर्जाच्या ध्वनिमापकाचा आणि कॅलिब्रेटरचा. बँकेच्या साहेबांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं, कारण तारण म्हणून दाखवायला मशीन म्हणावं असं काही नव्हतं. अर्ध्या इंची मायक्रोफोनची किंमत ऐकून त्यांनी कोटेशन दोनदा वाचलं. कॅलिब्रेटर हा मुठीत मावणारा ठोकळा. मायक्रोफोनच्या तोंडावर बसवून बटण दाबलं की तो 1000 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांना, बरोबर 94 डेसिबलचा सूर देतो. मापन सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा हे करायचंच. दोन वेळच्या वाचनात अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला, तर मधलं सगळं काम रद्द. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, बाकीचं नंतर.

मोबाईलवरच्या ॲपबद्दल रोज कुणीतरी विचारतं. मोबाईलचा मायक्रोफोन माणसाचं बोलणं पकडायला बनवलेला असतो. खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज बऱ्याच फोनमध्ये कापला जातो, आणि दोन वेगळ्या फोनवर एकाच गाडीचे दोन वेगळे आकडे येतात. एकाच फोनवर, एकाच रस्त्यावर, स्वतःच्या गाडीत आधी-नंतरचा अंदाज घ्यायला ते ठीक आहे. त्या आकड्यावर दुसऱ्याच्या गाडीशी पैज लावू नये.

मापनाची पद्धत आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहे, आयएसओ 5128. मायक्रोफोन सीट आणि पाठ जिथे मिळतात त्या रेषेपासून 70 सेंटीमीटर वर, म्हणजे साधारण बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. काचा बंद, रस्ता कोरडा, वारा पडलेला. आम्ही यात आमच्याकडून दोन गोष्टी वाढवल्या आहेत.

पहिली, मागची डावी सीट. आपल्याकडे एक कोटीची गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा मागे बसतो आणि पुढे ड्रायव्हर असतो. पुढच्या सीटवर ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) आणि आरशाजवळचा वारा जास्त ऐकू येतो. मागे चाकाची कमान जवळ असल्याने टायरचा आवाज, आणि डिकीच्या बाजूने येणारी घुमघुम. ड्रायव्हरच्या कानाशी शांत असलेली गाडी मालकाच्या कानाशी तशीच असेल, असं धरून चालता येत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक अहवालात मागच्या सीटचा आलेख, म्हणजे कोणत्या पट्टीत किती आवाज आहे त्याचं चित्र, आधी आणि पुढच्या सीटचा नंतर येतो.

दुसरी गोष्ट एसीची. मानकाप्रमाणे मोजताना पंखा बंद. पण एप्रिल-मे महिन्यात पुण्यात कुणी एसी बंद करून गाडीत बसत नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या महागड्या गाडीत इंजिनापेक्षा ब्लोअरचाच आवाज मोठा असतो, हे मोजून दाखवलं की मालकांना आश्चर्य वाटतं. आम्ही एसी बंद ठेवून मोजतो ते मानकासाठी, आणि मधल्या स्पीडला चालू ठेवून पुन्हा मोजतो ते माणसासाठी.

रस्ता निवडण्यात फार वेळ गेला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे, समृद्धी महामार्गही काँक्रीटचाच. त्यावर टायर जास्त वाजतो, आणि सांधे असतील तर एका तालात ठकठक येते. तीच गाडी चांगल्या डांबरी रस्त्यावर नेली की मालकाला वाटतं, काहीतरी दुरुस्त केलं. म्हणून मावळात एक सपाट डांबरी पट्टा आणि एक काँक्रीटचा पट्टा आम्ही ठरवून ठेवला आहे आणि दोन्हीचे आकडे वेगळे लिहितो. मोजायला पहाटे निघतो, वारा नसतो आणि शेजारून ट्रक जात नाही. टायर गरम होईपर्यंत आधी गाडी चालवतो, कारण गार टायर जास्त वाजतो. पावसाळ्यात रस्त्यावरचं मापन बंद. ओल्या रस्त्याचा फसफसाट टायरच्या आवाजावर चढतो आणि आकड्याला अर्थ राहत नाही. ते चार महिने धंद्याला जड जातात. तेव्हा पुरवठादारांच्या नमुन्यांच्या चाचण्या आणि बंद गाडीत फट शोधण्याचं काम घेतो. गाडीच्या आत अल्ट्रासॉनिक ट्रान्समीटर, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज सोडणारं यंत्र, ठेवायचा, दारं बंद करायची आणि बाहेरून डिटेक्टर बीडिंगच्या कडेने हळूहळू फिरवायचा. फट असेल तिथे सुई उडते.

आता ज्या कामाने आमचं नाव झालं ते सांगतो.

कोल्हापूरचे एक गृहस्थ जर्मन बनावटीची सेदान घेऊन आले. दगड लागून पुढची काच तडकली होती, ती बदलून घेतली होती. त्यानंतर ऐंशीच्या पुढे गेलं की बारीक शिट्टी यायची. काच बसवणाऱ्यांनी मीटर लावून दाखवलं होतं की ताशी 100 किलोमीटरला 64 डेसिबल येतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतही 64 येतात, तेव्हा गाडी नॉर्मल आहे. गृहस्थ म्हणाले, "नॉर्मल असेल हो, पण मला ऐकू येतंय त्याचं काय?"

दोघंही खरं सांगत होते. डेसिबलची बेरीज साध्या बेरजेसारखी होत नाही. एका जागी 64 डेसिबलचा आवाज असताना त्यात 52 डेसिबलची शिट्टी मिसळली, तर एकूण होतात 64.3. मीटरवर ते 64 च दिसणार. पण त्या 64 मधला बराचसा भाग टायरच्या आणि रस्त्याच्या खालच्या पट्टीतला असतो. वर 2500 हर्ट्झच्या आसपास गाडी एवढी शांत असते की तिथे एकच सूर उभा राहिला, तर कानाला तोच टोचतो. साध्या गाडीत हीच शिट्टी बाकीच्या आवाजात बुडून गेली असती. गाडी जितकी शांत, तितकं उरलेलं बारीकसारीक जास्त उघडं पडतं. महागड्या गाड्यांच्या तक्रारी जास्त का येतात, त्याचं मुख्य कारण हेच.

आम्ही आवाजाचे तुकडे पाडून आलेख काढला, तर 2500 च्या जरा पुढे सुळका. मग कागदी मास्किंग टेप आणली. बॉनेटची फट, दोन्ही आरसे, ए-पिलरची पट्टी, काचेच्या चारही कडा, सगळं चिकटवून गाडी पळवली. शिट्टी गेली. म्हणजे वारा बाहेरूनच वाजवतोय, आतलं काही नाही. मग एकेक टेप काढायची, तेवढीच फेरी मारायची आणि आलेख बघायचा. आरसे मोकळे केले, काही नाही. बॉनेट मोकळं केलं, काही नाही. काचेच्या वरच्या कडेची ड्रायव्हरच्या बाजूची टेप काढली आणि सुळका परत आला. तिथे मोल्डिंगची, म्हणजे काचेच्या कडेने बसणाऱ्या पट्टीची, ओठासारखी कड बोटभर लांबीत किंचित उचललेली होती. डोळ्याला दिसत नव्हती, नख फिरवल्यावर लागत होती. नवीन मोल्डिंग बसवून घेतलं आणि पुन्हा मोजलं. एकूण आकडा 64.3 वरून 64.0. अहवालात आम्ही दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी दोन्ही आलेख छापले. त्या गृहस्थांनी नंतर ज्या ओळखीच्यांना आमच्याकडे पाठवलं, त्यांच्यामुळे आमचं हे काम उभं राहिलं.

तेव्हापासून केवळ एक आकडा लिहून देणं आम्ही बंद केलं. "माझी गाडी किती डेसिबल?" या प्रश्नाला उत्तर देतो, पण त्यासोबत आलेख घ्यावाच लागतो. मीटरवर ज्याला डीबीए म्हणतात, त्यात खालच्या पट्टीतला आवाज मुद्दाम कमी धरलेला असतो, 50 हर्ट्झला तर तब्बल 30 डेसिबलनी. पण कानावर दडपण आणणारी, लांबच्या प्रवासात डोकं जड करणारी घुम याच भागात असते. डीबीए सुंदर आणि मालक वैतागलेला, असं म्हणूनच होतं.

टायरच्या तक्रारी सगळ्यात जास्त. बऱ्याच महाग गाड्यांना कारखान्यातून येणाऱ्या टायरमध्ये आतून फोमची पट्टी चिकटवलेली असते. टायरच्या पोकळीतली हवा मोठ्या चाकांत 200 हर्ट्झच्या आसपास घुमते, ती घुम दाबण्यासाठी. टायर बदलताना त्याच मापाचा पण फोम नसलेला टायर बसवला जातो, किंवा पंक्चर काढताना पॅच लावायला फोम खरवडून काढतात आणि परत चिकटवत नाहीत. मग खड्ड्यावरून जाताना "टंग्ग" असा आवाज येतो आणि मालक सस्पेन्शन बदलायला निघतो. आलेखावर 200 जवळचा टेकाड दिसला की आम्ही आधी टायर उतरवायला सांगतो. कित्येकांचे बुश आणि शॉकॲब्सॉर्बरचे पैसे यात वाचले आहेत, आणि याचं आम्हाला फार समाधान आहे.

दरवाज्यात ढीगभर शीट चिकटवून घेतलेल्या गाड्याही येतात. डॅम्पिंग शीट पत्र्याचं थरथरणं थांबवते. फटीतून येणारा वारा तिने थांबत नाही. आवाज कुठून येतो ते कळण्याआधी उपाय करू नका, असं आम्ही प्रत्येकाला कळकळीने सांगतो, कारण गाडी उघडून परत जोडताना एखादी क्लिप नीट बसली नाही की नवीन खडखड सुरू होते.

सगळा आवाज काढून टाकावा, असंही आमचं मत नाही. रोल्स रॉइसने 2020 च्या घोस्ट या गाडीमध्ये 100 किलोहून जास्त ध्वनिरोधक साहित्य घातलं. त्यांच्याच इंजिनिअरांना आढळलं की पूर्ण शांतता माणसाला गोंधळवते, आणि मग त्यांनी सुटे भाग एका मंद सुरात जुळवून घेतले. आमच्या कामात आम्हाला हेच पटलं आहे. एकसारखा, मऊ आवाज तासन्‌तास चालतो. त्यातून वर डोकं काढणारा एक सूर चालत नाही.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून हे आणखी ठळक झालं. पुण्याजवळ मर्सिडीजची जुळणी 1995 मध्ये पिंपरीत सुरू झाली, 2009 मध्ये चाकणचा कारखाना आला, आणि 2022 मध्ये तिथेच ईक्यूएस ही इलेक्ट्रिक गाडी जोडली जाऊ लागली. इंजिनाचा आवाज होता तेव्हा तो बऱ्याच गोष्टी झाकत होता. चार सिलिंडरच्या इंजिनाची मुख्य घुम 3000 आरपीएमला 100 हर्ट्झवर येते, म्हणजे ती कुठे शोधायची ते आधीच माहीत. इलेक्ट्रिक गाडीत ती नाही. उरतात वारा, टायर आणि मोटर-गिअरचा वेगाबरोबर चढत जाणारा बारीक सूर. सीटच्या मोटरचा, कूलिंगच्या पंपाचा, अगदी डॅशबोर्डमागच्या वायरिंगच्या क्लिपचा आवाज मालकाला ऐकू येतो आणि तो आमच्याकडे येतो. यासाठी आम्ही दोन कानांचा कृत्रिम डोक्याचा मायक्रोफोन घेतला. त्यामुळे गाडीत काय ऐकू येत होतं ते गाळ्यात बसून हेडफोनवर तसंच ऐकवता येतं, आणि पुरवठादार, मालक व आम्ही एकाच आवाजाबद्दल बोलतोय याची खात्री होते.

आज आम्ही सहा जण आहोत. हिशेब माझी पत्नी बघते. रस्त्यावरचं काम भाचा आणि दोन डिप्लोमा झालेली मुलं करतात. त्यातला एक सीओईपी या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं गणपती विसर्जनाच्या वेळचं लक्ष्मी रस्त्यावरचं ध्वनिमापन वर्तमानपत्रात वाचून या विषयाकडे वळला. तिथे शंभराच्या वरचे आकडे मोजतात, आम्ही साठीच्या आसपासचे. कॅलिब्रेटर मात्र दोन्हीकडे 94 लाच लावायचा.

गाडी घेऊन येणार असाल तर एवढं करा. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा आदल्या रात्री भरून घ्या. डिकी, दरवाज्यांचे कप्पे आणि डॅशबोर्डचा खण रिकामा करा. नाण्यांची पिशवी आणि छत्री यांनी आमचा बराच वेळ घेतला आहे. आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, वळणावर की सरळ येतो ते लिहून आणा. वळणावर वाढत असेल तर व्हील बेअरिंगची शंका आधी घ्यावी लागते. आणि रोज ज्या सीटवर बसता, त्याच सीटवर बसून आमच्याबरोबर पहिल्या फेरीला चला.