पाट्यांच्या भट्टीपासून शॉकअपपर्यंत : आमची वाटचाल

शहाद्यातलं आमचं दुकान मुळात पाट्यांचं, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं. वडील ट्रकचे आणि उसाच्या ट्रॉल्यांचे पाटे भरायचे. भट्टी, ऐरण, घण आणि हाताखाली दोन माणसं, एवढाच पसारा. शॉकअपला, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरला, तेव्हा कोणी विचारत नव्हतं. गळायला लागला की काढून टाकायचा आणि गाडी तशीच पळवायची, ही रीत. धडगाव-मोलगीकडे सिटा भरून जाणाऱ्या कितीतरी कमांडर जीपांना मागे शॉकअपच्या जागी नुसत्या पिना दिसायच्या.

१ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला आणि सरकारी जीपांची ये-जा वाढली. त्या कामाची एक अट असायची : बदललेला माल परत जमा करायचा. त्यामुळे जुना शॉकअप भंगारात न जाता आमच्या बाकावर येऊ लागला. बाकावर आला म्हणून कापून बघितला, आणि मी त्यातच गुंतलो. वडील म्हणायचे, "नळीत तेल आहे, त्यात बघायचं काय?" पण बघण्यासारखंच होतं.

गाडीचं वजन पेलतो तो पाटा. शॉकअप वजन उचलत नाही, पाट्याची उसळी जिरवतो. नळीतल्या तेलातून पिस्टन वरखाली होतो, तेलाला बारीक व्हॉल्व्हमधून वाट काढावी लागते, आणि उसळीचा जोर उष्णता होऊन बाहेर पडतो. हे कळलं की बऱ्याच गिऱ्हाइकांच्या तक्रारी आपोआप उलगडतात. दोंडाईचाकडचा एक एमएम ५४० जीपवाला यायचा. म्हणायचा, "भाऊ, आठे त बरी वाटस, घाटमा भलती उडस." दुकानासमोर बॉनेटचा कोपरा दाबून सोडला तर गाडी एका झोक्यात थांबायची. त्या परीक्षेत पास. पण त्याचा घाट तोरणमाळचा, आणि तोरणमाळ ११०० मीटरहून उंच. सातपायरी घाटाच्या वळणांपर्यंत खड्ड्यांतून गेल्यावर तेल तापतं, पातळ होतं, त्यात हवा मिसळून फेस येतो आणि पिस्टनला अडवायला काही उरत नाही. गाडी थंड झाली की शॉकअप पुन्हा शहाणा. तेव्हापासून जुनी गाडी आली की मी आधी खराब रस्त्यावर फिरवून आणतो आणि उतरल्याबरोबर चारही शॉकअप बघतो. बाहेरून तेलाचा ओला पट्टा आहे का, बुश, म्हणजे टोकाच्या कडीतलं रबर, सैल होऊन टकटक करतो का, टायर ठिकठिकाणी वाटीसारखा खाल्लाय का. टायर सहसा खोटं बोलत नाही.

काढणं हे बसवण्यापेक्षा अवघड. वीस वर्षं चिखल आणि धूळ खाल्लेली पिन आणि तिचा नट एकजीव झालेले असतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, सकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, मग लांब पाना. तरी हलला नाही तर नट ग्राइंडरने चिरायचा. पिन वाचली पाहिजे, कारण ती चासीला असते. ती तुटली की दहा मिनिटांचं काम दिवसावर जातं. गॅसची ज्योत शॉकअपजवळ आमच्याकडे कोणी नेत नाही. बंद नळीत तेल आणि हवा किंवा दाबाचा वायू असतो, तापला तर फुटतो.

नवा साधा तेलाचा शॉकअप खोक्यातून काढून थेट बसवायचा नसतो. आडवा पडून राहिल्याने हवा आत नको तिथे गेलेली असते. उभा धरायचा, दांडा पूर्ण वर ओढायचा, पूर्ण खाली दाबायचा. पहिल्या एकदोन दाबांना मध्येच पोकळ लागतं, झटका बसतो. तो झटका जाऊन हाताला वरपासून खालपर्यंत सारखा जडपणा लागेपर्यंत हे करायचं. आमच्याकडे नवीन पोराला पहिलं काम हेच मिळतं. दांड्याला पक्कड लावलेली दिसली तर मात्र बोलणी खावी लागतात, कारण क्रोमवर ओरखडा पडला की सील गेलंच. रबरी बुश असलेला बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी चारही चाकांवर खाली उतरवून. जॅकवर लटकत असताना कसला तर खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि बदलायचे तर एका धुरीचे (अ‍ॅक्सलचे) दोन्ही. "एकच गळतोय, एकच बदला" म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मध्यंतरी एका व्यापाऱ्याने नामांकित कंपनीच्या खोक्यात दुसराच माल पाठवला. छपाई हुबेहूब, पण हातात घेतल्याबरोबर वजन कमी आणि दांडा बारीक. परत पाठवला, पैसे मिळायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून तागडी दुकानातच आहे.

अलीकडे धुळे-नाशिकची, कधी सुरतेची जिप्सीवाली मंडळी येतात. जिप्सी १९८५ ची जात, पुढे-मागे पाटे आणि सलग धुरी, त्यामुळे आमच्या हातातली गाडी. या मंडळींना गाडी उंच आणि शॉकअप कडक हवा असतो. कडक शॉकअप ही माझ्या मते निम्म्या वेळा हौस असते. खडकाळ वाटेवर तो चाक खाली बसू देत नाही आणि कंबर मोडतो ती वेगळी. उंची वाढवली तर आधी माप घेतो : पाटा पूर्ण दबला की अगोदर रबरी स्टॉपर टेकला पाहिजे, शॉकअप नाही, आणि चाक लटकलं की शॉकअपनेच ते तोलून धरलेलं नको. पाटा बसका असेल तर आधी त्याला पुन्हा कमानीसारखा बाक देतो. इथे वडिलांची भट्टी कामाला येते. नाहीतर नवा शॉकअपही अर्धा दाबलेल्या अवस्थेतच राहतो आणि तळाला आपटून मरतो.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यामुळे पासिंगच्या आधी आमच्याकडे जुन्या गाड्यांची रीघ असते. रिपेअर केलेले, म्हणजे नळी कापून तेल भरून वेल्डिंग मारलेले शॉकअप आम्ही ठेवत नाही. स्वस्त पडतात, पण भार भरून घाट चढणाऱ्या गाडीला ते लावायला माझा हात धजत नाही. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा आणि पुढे दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार, या दोन्हींच्या आधीच्या आठवड्यात मात्र गंजलेल्या गाड्या घेत नाही. कोणती पिन कधी सुटेल याचा भरवसा नसतो, आणि जीपवाल्याला ऐन हंगामात दोन दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही. त्यांनी पोळा झाल्या झाल्या यावं.