चादर धुतली, गादी राहिली

बलात्काराची फिर्याद नोंदवून होईपर्यंत संध्याकाळ उलटून गेली होती. पीडितेच्या जबाबात निळ्या चादरीचा उल्लेख होता. दंडाधिकाऱ्यांकडून झडतीचं वॉरंट आणायचं तर सकाळ झाली असती, आणि कपडे धुवायला कुणी वॉरंटची वाट बघत नाही. अशा वेळेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १८५ आहे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६५. मात्र निघण्याआधी कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि काय शोधायचंय तेही होईल तितकं नेमकं लिहावं लागतं. 'गुन्ह्यासंबंधी वस्तू' असं मोघम लिहून मोकळं व्हायची आमच्या खात्याची जुनी सवय. मी लिहिलं: निळी चादर, तिच्याखालची गादी, उशीचे अभ्रे, आरोपीचे त्या दिवशीचे कपडे. उशीर झाला तर हे सगळं धुतलं जाईल, हेही लिहिलं.

दार त्याच्या आईनं उघडलं. दोन्ही पंच सोबत होते, व्हिडिओ सुरू होता. कलम १०५ मुळे आता त्यातून सुटका नाही, आणि नसावीच. चादर दोरीवर वाळत होती, अजून ओलीच.

"मॅडम, ही तर पाण्यातून निघालीय. सीएला पाठवून काय मिळणार?" हवालदार म्हणाले. सीए म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतले रासायनिक विश्लेषक.

मिळू शकतं. शुक्रपेशींची डोकी चिवट असतात. डाग डोळ्यांना दिसेनासा झाला तरी धाग्यांत काहीतरी उरू शकतं. आणि काहीच नाही मिळालं, तरी पीडितेनं सांगितलेली चादर त्याच घरात धुतलेली सापडली, हे पंचनाम्यात येतंच ना?

गादी मात्र कुणाला सुचली नव्हती. वरून स्वच्छ दिसत होती. फॉरेन्सिक व्हॅनमधल्या तज्ज्ञ बाईंनी अंधार करून दिवा फिरवला तेव्हा दोन-तीन ठिकाणी चमक दिसली. हवालदार खूश झाले, पण बाई थंडच. साबण चमकतो, लघवी चमकते. दिवा फक्त कुठे कापायचं ते सांगतो, असं त्या म्हणाल्या. त्यांनी डागांचे तुकडे कापले आणि बिनडागाचा एक तुकडाही तुलनेसाठी वेगळा घेतला. दर तुकड्यागणिक हातमोजे बदलत होत्या. त्यांचं बघून आमच्या माणसांचे हात आपोआप पाठीमागे गेले.

खरा घोळ चादरीचा झाला. ओलं कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं की जिवाणू वाढतात आणि उरलासुरला डीएनएही जातो. ती कागदात गुंडाळून ठाण्यात आणली, कुलपाच्या खोलीत स्वच्छ कागदावर सावलीत पसरली, वाळल्यावर कागदी पाकिटात सील केली. सील उशिरा का लागलं, तोवर किल्ली कोणाकडे होती, हे स्टेशन डायरीत तपशिलानं लिहून घेतलं. बचाव पक्षाचा पहिला प्रश्न तिथेच येणार होता. झडतीच्या नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे ४८ तासांत जायला हवी, ती दुसऱ्याच दिवशी गेली. आरोपीचं रक्त कलम ५२ खाली सरकारी डॉक्टरांनी घेतलं.

सीए रिपोर्ट यायला बरेच महिने गेले. चादरीवर फक्त आरोपीचा डीएनए होता. स्वतःच्या पलंगावरच्या चादरीवर तो सापडणारच, त्याला किंमत शून्य. गादीच्या एका तुकड्यात मात्र मिश्र प्रोफाइल आलं, त्याचं आणि तिचं. चादरीतून झिरपून खाली गेलेलं कुणी धुतलं नव्हतं.

डीएनएवरून संमती होती की नव्हती ते कळत नाही. ते तिच्या साक्षीवरूनच ठरायचं. पण जामीन अर्जात त्यानं लिहून दिलं होतं की ती त्या खोलीत कधी आलीच नाही. रिपोर्ट दाखल झाल्यावर पुढच्याच तारखेला त्याच्या वकिलांनी संमतीचा मुद्दा काढला. सरकारी वकिलांनी जुना अर्ज न्यायालयापुढे ठेवला.