लेकीचं 'इलेक्शन' आणि मी

मार्चमध्ये सांगलीहून निघाले ती थेट न्यू जर्सीला, नातवाला सांभाळायला. बॅगेत भडंग, हळद आणि ज्वारीचं पीठ. पहिल्याच रात्री लेक लॅपटॉप उघडून बसली. "आई, तू आलीस, आता माझं इलेक्शन बदलावं लागेल." मला वाटलं, हिला इथं मतदान कधीपासून?

तर ते निघालं पगारातलं खातं, डिपेंडंट केअर एफएसए. तेरा वर्षांखालच्या मुलाच्या पाळणाघराचे पैसे कर लागण्याआधीच पगारातून कापून बाजूला ठेवायचे. कुटुंबामागे वर्षाची मर्यादा 2025 पर्यंत 5,000 डॉलर होती, 2026 पासून 7,500. किती कापायचे तो आकडा वर्षाआधीच कळवायचा, तेच हे 'इलेक्शन'. मध्येच बदलायचा तर तसं कारण हवं: बाळ झालं, नोकरी गेली, पाळणाघर बदललं किंवा त्याची फी वाढली. यंदाचं कारण मी! पाळणाघर बंद, आजी फुकट.

तिच्या कंपनीत बदल कळवायची मुदत 30 दिवसांची. आयुष्यभर बँकेत कॅशियर होते मी, तारीख चुकू देते होय? रोज चहाच्या वेळी टोचत राहिले. न खर्चलेले पैसे बुडतात म्हणे. आमच्या गल्लीतली भिशीवालीसुद्धा असं करत नाही! आणि आकडा बदलला म्हणून आधी कापलेले परत मिळत नाहीत, फक्त पुढची कपात कमी होते.

ऑगस्टमध्ये सांगलीला, विश्रामबागेतल्या घरी परतले. तिकडं पाळणाघर पुन्हा सुरू, म्हणजे फॉर्मही पुन्हा. घरी पोचल्याचा फोन केला तेव्हा नातवाच्या आधी तेच विचारलं, "भरलास का गं?"

"उद्या भरते."

आज चौदावा दिवस.