लेक न्यूक स्कूलला असताना

आमची लेक अमेरिकेच्या नौदलात न्यूक्लिअर फील्डला, म्हणजे जहाजांवरच्या आणि पाणबुड्यांवरच्या अणुभट्ट्या चालवणाऱ्या शाखेत, भरती झाली, तेव्हा ज्याला काही विचारावं असं ओळखीत कोणीच नव्हतं. मराठी मंडळात डॉक्टर होते, इंजिनिअर होते, प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशाची खडान् खडा माहिती असलेले होते. हायस्कूल संपल्यावर थेट नौदलाचा करार केलेलं पोर मात्र आमचंच. आज कुणा मराठी घरात हे सुरू असेल, तर त्या आई-बाबांना थोडी वाट दिसावी म्हणून लिहिते आहे.

‘एवढी हुशार मुलगी, कॉलेज सोडून शिपाई कशाला?’ हा प्रश्न फोनवरून पुष्कळ आला. ज्यांनी विचारलं त्यांना या शाखेची कल्पना नव्हती. भरतीच्या परीक्षेत, म्हणजे ॲसव्हॅबमध्ये, गणित-विज्ञानाचे गुण फार वरचे लागतात. अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, पार्श्वभूमीची कसून तपासणी होते आणि करार सहा वर्षांचा असतो. म्हणूनच रिक्रूटर हुशार मुलांना या शाखेकडे वळवायला उत्सुक असतात. बोनसचा आकडाही मोठा असतो. माझं मत स्पष्ट आहे: केवळ त्या आकड्यासाठी पोराला तिकडे पाठवू नका. आमच्या लेकीला यंत्राच्या आत काय चाललंय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. ती ओढ तिला पुढे उपयोगी पडली. पैशांची आठवण त्या दिवसांत तिला एकदाही झाली नाही.

न्यूक स्कूलची, म्हणजे या शाखेच्या प्रशिक्षणाची, वाट साधारण अशी असते. आधी इलिनॉयमधल्या ग्रेट लेक्सला बूट कॅम्प, म्हणजे नौसैनिकाचं प्राथमिक प्रशिक्षण. तिथून साउथ कॅरोलायनात, चार्ल्स्टनजवळच्या गूस क्रीकला. तिथे ए स्कूल, म्हणजे ज्याच्या त्याच्या कामाचे पहिले धडे. ते तीन ते सहा महिने चालतं, यंत्रं सांभाळणाऱ्या मशीनिस्ट्स मेटला कमी, इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना जास्त. ते पार पडलं की पोरं साध्या खलाशाच्या वरच्या हुद्द्यावर, पेटी ऑफिसर होतात. मग सुमारे सहा महिने पॉवर स्कूल, म्हणजे अणुशक्तीचा वर्गातला अभ्यास, आणि शेवटी तेवढाच काळ प्रोटोटाइप, म्हणजे चालू अणुभट्टीवर प्रत्यक्ष काम. मधली प्रतीक्षा धरली तर दीड वर्षाच्या पुढे सहज जातं.

बूट कॅम्पबद्दल माहिती भरपूर मिळते, तिथे मी थांबत नाही. आई-बापांचा खरा कस लागतो तो पॉवर स्कूलमध्ये.

आपल्याकडे मुलांना आधार देणं म्हणजे त्यांच्या अभ्यासात बसणं. वही बघणं, क्लास लावणं, पेपर कसा गेला विचारणं. इथे त्यातलं काहीच करता येत नाही. अणुभट्टीचा अभ्यासक्रम गोपनीय असतो. वह्या-पुस्तकं इमारतीबाहेर नेता येत नाहीत, फोन आत नेता येत नाही. त्यामुळे गृहपाठसुद्धा रात्री त्याच इमारतीत बसून करायचा. गणित, भौतिकशास्त्र, विद्युत, उष्णतेचं वहन आणि द्रवप्रवाह, रसायन, धातूंचे गुणधर्म, किरणोत्सर्ग, मग अणुभट्टीचं तंत्र. इंजिनिअरिंगला वर्षानुवर्षं पसरून शिकवतात ते महिन्यांत कोंबलेलं असतं. हिचे बाबा मेकॅनिकल इंजिनिअर. थर्मोडायनॅमिक्स म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. पण पहिल्याच फोनवर ती म्हणाली, ‘बाबा, काय अडलंय हेच मला सांगता येणार नाही. तुम्ही नुसतं बोला माझ्याशी.’ मग ते बोलायचे: बागेतल्या टोमॅटोंबद्दल, क्रिकेटबद्दल, शेजारच्यांच्या नव्या कुत्र्याबद्दल. तेवढ्यासाठी ती रविवारच्या फोनची वाट बघायची.

मला तिने एक अट घातली होती, ‘आई, मार्क विचारायचे नाहीत. सांगायचे असतील तर मी सांगेन.’ ती अट मी पाळली आणि आता प्रत्येक आई-बापाला तीच सांगते. मूल सज्ञान आहे, त्याचे निकाल नौदल तुम्हाला कळवत नाही, आणि ते बरोबरच आहे. गुण 4 पैकी असतात, उत्तीर्ण व्हायला 2.5 लागतात. मार्क घसरले की संध्याकाळचे सक्तीचे अभ्यासाचे तास वाढतात, ते आठवड्याचे वीस-तीसही होतात. दिवसभर वर्ग, त्यावर हे तास. अशा वेळी आईच्या फोनवर पुन्हा परीक्षाच निघाली, तर मूल फोन उचलणं बंद करतं. मी विचारायचे ते एवढंच: जेवलीस का, झोप किती झाली, या आठवड्यात कशाने हसायला आलं.

मध्यावर तो फोन आलाच. एका पेपरात ती 2.5 च्या खाली गेली होती. ‘आई, इथे सगळ्यात ढ मीच आहे.’ हे वाक्य तिथली किती मुलं घरी बोलत असतील! तिथे जमलेली बहुतेक मुलं आपापल्या शाळेत फारसा अभ्यास न करता पुढे राहिलेली असतात. आयुष्यात पहिल्यांदा, घरापासून शेकडो मैलांवर, त्यांना समजत नाही म्हणजे काय ते कळतं. मी तिला ‘तू करशील गं’ म्हणून फोन ठेवला नाही. ती रडली तेवढं रडू दिलं. मग दोन गोष्टी विचारल्या.

पहिली, नापास झालीस तर पुढे काय होतं? तिने स्वतःच सांगितलं: आधी प्रशिक्षक जादा वेळ देतात, मग अधिकाऱ्यांचं मंडळ प्रकरण बघतं, कधी मागच्या वर्गात बसवतात. अगदीच जमलं नाही तर न्यूक्लिअर शाखा सुटते, नौदल सुटत नाही. गरजेप्रमाणे दुसरं काम देतात. हे मोठ्याने बोलल्यावर तिचा श्वास जरा खाली बसला. मीही म्हटलं, ‘दुसरं काम करशील, आणि सुट्टीत याच घरी येशील.’ हे मी मनापासून म्हटलं होतं.

दुसरी, तिथे तू कुणाशी बोलतेस? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरकडे गेलो तर शाखा जाईल या भीतीने मुलं गप्प बसतात. त्यांना माहीत हवं की चॅप्लेनशी बोललेलं पूर्णपणे गुप्त राहतं. तो धर्मगुरू असला तरी आपल्या धर्माचा प्रश्न येत नाही, आमची लेक गेली होती. मानसिक आरोग्याची तपासणी हवी असेल, तर वरिष्ठाकडे ‘ब्रँडन ॲक्ट’खाली मागता येते, कारण सांगावं लागत नाही. ब्रँडन कॅसर्टा या तरुण नौसैनिकाने 2018 मध्ये जीव दिला, त्याच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला म्हणून हा कायदा झाला. आणि अगदी रात्री-बेरात्रीसाठी 988 ही मानसिक संकटातली हेल्पलाइन फिरवून सैनिकांसाठीचा 1 दाबायचा. हा नंबर मुलं भरती होतानाच त्यांच्या फोनमध्ये घाला. गरज पडल्यावर शोधायचं भान राहत नाही.

एवढं कठोर कशासाठी, हा प्रश्न माझ्याही मनात होता. म्हणून मी वाचायला लागले. ॲडमिरल हायमन रिकोव्हरनी नौदलाचा हा अणुशक्तीचा कार्यक्रम उभा केला. 17 जानेवारी 1955 ला ‘नॉटिलस’ ही पाणबुडी अणुशक्तीवर पहिल्यांदा निघाली. 10 एप्रिल 1963 ला ‘थ्रेशर’ ही अणुशक्तीवरची पाणबुडी अटलांटिकमध्ये बुडाली, 129 जण गेले. चौकशीत मांडलेला संभाव्य क्रम असा की नळ फुटून पाणी आत आलं, विजेची यंत्रणा बिघडली, अणुभट्टी बंद पडली आणि वर यायला लागणारी शक्ती वेळेत परत मिळाली नाही. हे वाचल्यावर 2.5 कडे बघण्याची माझी नजर बदलली. लेकीच्या शेजारी जो अणुभट्टीच्या पहाऱ्यावर उभा असेल, त्यालाही हे सगळं पाठ असावं असं मला वाटू लागलं.

प्रोटोटाइप न्यूयॉर्क राज्यात बॉल्स्टन स्पाला असतो किंवा चार्ल्स्टनलाच. तिला चार्ल्स्टन मिळालं. तिथे ‘ला होया’ आणि ‘सॅन फ्रान्सिस्को’ या जुन्या पाणबुड्या धक्क्याला कायमच्या बांधून शाळा केल्या आहेत. यातली ‘सॅन फ्रान्सिस्को’ 2005 च्या जानेवारीत पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाच्या आग्नेयेला समुद्राखालच्या डोंगरावर पूर्ण वेगात आदळली होती. एक खलाशी दगावला, बरेच जखमी झाले, पण नौका वर आली आणि स्वतःच्या शक्तीवर ग्वामला परतली. आत अणुभट्टी सांभाळणारी माणसं याच शाळांतून गेलेली होती. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘आई, ते इथे सगळ्यांना माहीत असतं.’

या टप्प्यात पुस्तकी ताण कमी होतो आणि झोपेचा सुरू होतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्याही फिरत्या. प्रत्येक यंत्रणेबद्दल प्रशिक्षकासमोर तोंडी उत्तरं देऊन कार्डावर सही मिळवायची. सह्या मागे पडल्या की जादा तास. शेवटी देखरेखीखाली पहारे आणि तोंडी परीक्षेचं बोर्ड. या काळात घरच्यांनी फोन करूच नये, मेसेज टाकून ठेवावा. आम्ही काय पाठवलं? खिडकीचे जाड काळे पडदे, कानात घालायचे बोळे, आणि उभ्या उभ्या खाता येईल असा फराळ. पडद्यांचं तिने जेवढं कौतुक केलं तेवढं चकलीचंही नाही. भेटायला गेलो तेव्हा गाव बघायचे बेत केले नव्हते. ती झोपली, मी डबे भरून फ्रीजमध्ये लावले, बाबांनी तिच्या गाडीचं ऑइल बदललं. तीन दिवसांत गप्पा थोड्याच झाल्या, पण निघताना तिचा चेहरा भरलेला दिसला.

ती पास झाली. कितीने ते मी आजही विचारलेलं नाही. आता ती विमानवाहू जहाजावर आहे आणि तिथे त्या जहाजाच्या अणुभट्टीसाठी सह्यांचं कार्ड नव्याने सुरू झालं आहे.

एक काम मात्र पोर घरात असतानाच करून ठेवा. घरात कुणी गंभीर आजारी पडलं, तर जहाजावर निरोप अमेरिकन रेड क्रॉसमार्फत जातो. ते रुग्णालयाकडून खात्री करून घेतात आणि तिच्या वरिष्ठांना कळवतात. रजा द्यायची की नाही ते वरिष्ठ ठरवतात. त्यासाठी मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, हुद्दा, तुकडी किंवा जहाजाचं नाव, आणि रुग्णालयाचा पत्ता व फोन लागतो. आजी-आजोबा भारतात असतील, तर त्यांच्या डॉक्टरांचा नंबर तिकडच्या भावाकडून किंवा नणंदेकडून मागवून त्याच कागदावर लिहा, आणि एक प्रत त्यांच्याकडेही द्या.